रेम्पेलचा जोडीदार

७ जानेवारी १९८६, मंगळवार

जुन्या पंचांगाप्रमाणे आज आमचा नाताळ. काल संध्याकाळी माझ्या बायकोने, स्टेफाने, बारा पदार्थ मांडले आणि रीतीप्रमाणे टेबलाच्या टोकाला एक रिकामं ताट ठेवलं, वाट चुकून येणाऱ्यासाठी. आमचा ऑरेस्ट दुखरा पाय लांब करून बीटाचं सूप पीत होता. मी त्या ताटाकडे बघत होतो, आणि ते कुणाला वाढायचं हे माझं आधीच ठरलं होतं.

हार्लन रेम्पेलला शेजारच्या टॉरन्स गावाच्या आइस हॉकी संघाने काढलं. परवा दुकानात हवा भरायला आलेले दोन ट्रकवाले बाहेर बोलत होते. नवा कोच आलाय, त्याला तरणी पोरं हवीत. शिवाय तिथली पिठाची गिरणी बंद पडली, म्हणजे रेम्पेलची नोकरीही गेली. मी आत कॉफी ओतत होतो, रेडिओ चालू होता, तरी शब्द न् शब्द ऐकला. इंजिनाला काय झालंय ते मी झाकण न उघडता सांगतो. बापाने मला एक कुदळ आणि हे कान दिले. कुदळ मोडली, कानांवर टायरचं दुकान, पेट्रोलचे पंप आणि ब्रायरली बॅजर्स संघाची मॅनेजरकी उभी केली. फक्त दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला की मीही ठार बहिरा.

सहा हिवाळ्यांपूर्वी ऑरेस्ट रिंकच्या उजव्या कोपऱ्यात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आणायला गेला आणि हा रेम्पेल मागून येऊन त्याच्यावर आदळला. कंबर गेली, गुडघा गेला. माझा मुलगा आज त्याच रिंकवर लोकांच्या स्केट्सना धार लावतो आणि बर्फ सारखा करायची गाडी चालवतो. त्याचा त्या वेळचा जोडीदार क्लिंट ओगार्ड बर्फावर बसून लहान पोरासारखा रडला होता. हॉस्पिटलात रोज यायचा. आता तो संघाचा कप्तान आहे, दुकानात माझा उजवा हात आहे, आणि वसंतात दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाशेजारी त्याचं नाव रंगवून घ्यायचं ठरलंय.

खेळाडूंची नोंदणी शुक्रवारी बंद होते. रेम्पेलला मी घेणार. नोकरी देईन, घोंगडी देईन, जेवायलाही बोलवीन. आणि फायनलमध्ये टॉरन्ससमोर, दोन्ही गावांच्या डोळ्यांदेखत, त्याच कोपऱ्यात त्याची पाठ उघडी टाकीन.

स्टेफाला एवढंच सांगितलं की रेम्पेल येतोय. तिने छातीवर क्रॉस केला आणि म्हणाली, "देवाने तुला बुद्धी दिली." ऑरेस्टने सूप संपवलं. "त्याच्या स्केट्सना धार कोण लावणार?"

"तूच."

"बरं," म्हणाला आणि ताट उचलून गेला.

१० जानेवारी, शुक्रवार

सही झाली. माणूस अजून दारात मावत नाही, पण दाढीत पांढरं आलंय.

"काम काय आहे?" त्याने विचारलं.

"टायर. ट्रॅक्टरचे, ट्रकचे. आणि डुकरांच्या गोठ्यातलं शेण नेणारा एक टँकर येतो, त्याचे."

"तो टँकर आधी धुतं कोण?"

"आजपासून तू."

हसला. "नेस्टर, मला वाटलं होतं तुम्ही बंदूक घेऊन दारात उभे असाल."

"बंदुकीला गोळी लागते. तू तर स्वतःच्या पायांनी आलास."

पुन्हा हसला. मीही हसलो. माझं हसू चांगलं आहे. त्यावर बरेच टायर विकले गेलेत. क्लिंट मागच्या बाकावर पाने पुसत होता. एकच पाना पुसत राहिला.

१४ जानेवारी, मंगळवार

पहिला सराव. डिफेन्सच्या जोड्या मोडून नव्याने लावल्या आणि घरात नवी सून आल्यावर होतं ते सगळं झालं.

आतापर्यंत क्लिंटबरोबर टोबी लुंड खेळायचा, दुसरी जोडी बुशे बंधूंची, आणि उरलेले दोघे गरज पडली की. बुशे बंधूंना मी हात लावला नाही. ते एकमेकांशी फ्रेंचमध्ये भांडतात आणि त्यातच त्यांचा खेळ चालतो. लुंडला काढून खाली तिसऱ्या जोडीत टाकलं आणि क्लिंटशेजारी रेम्पेल लावला. तोही उजव्या बाजूला. रेम्पेल डावखुरा. उजव्या कोपऱ्यात डावखुऱ्याला पक उचलायचा तर जास्त वाकावं लागतं, जास्त वळावं लागतं, पाठ जास्त वेळ उघडी राहते.

कपडे बदलायच्या खोलीत लुंडने हेल्मेट आपटलं. "पाच वर्षांचा संसार माझा आणि क्लिंटचा! आणि तुम्ही सवत आणून बसवलीत!"

सगळे हसले. बुशेंपैकी थोरला म्हणाला, "टोबी, पोटगी माग."

"हसा. पण क्लिंटला बोलायची सवय नाही हे लक्षात ठेवा. दोघांचं बोलणं मी एकटा बोलत होतो."

चिडलेला माणूस काहीही बोलतो. मात्र त्याच्या बोलण्यातून माझा मार्ग सोपा झाला. कोपऱ्यातला पक आणायला जाणाऱ्याची पाठ सगळ्या मैदानाकडे असते. त्या क्षणी जोडीदाराचा आवाज हेच त्याचे डोळे. अंगावर कोणी येत असेल तर आमच्याकडे "पाठीवर!" म्हणून ओरडतात, नसेल तर "मोकळा!" ही शिकवण माझी. बॅजर्सच्या प्रत्येक पोराला मी ती काठी धरायच्या आधी शिकवलीय.

सरावानंतर क्लिंटला गाडीत बसवून सगळं सांगितलं. टॉरन्सचा ब्रूस मॅकॲडम कोपऱ्यात जो सापडेल त्याला रिंकच्या कडेच्या फळ्यांवर चिरडतो. तो रेम्पेलवर येईल तेव्हा तू ओरडायचं नाहीस. बस्स. हात उगारायचा नाही, काठी लावायची नाही.

"नुसतं गप्प राहायचं?"

"नुसतं गप्प."

तो काचेवर गोठलेली वाफ नखाने खरवडत बसला. मग म्हणाला, "ते मला जमेल, काका."

आवाज चिरकला त्याचा. ऑरेस्टवर फार जीव आहे पोराचा.

२६ जानेवारी, रविवार

लागोपाठ जिंकतोय. वैताग आहे.

रेम्पेल बर्फावर उतरल्यापासून तोंड बंद ठेवत नाही. "क्लिंट, मोकळा! क्लिंट, पाठीवर! डावीकडे दे, राजा, डावीकडे!" लिलावातला माणूस बरा. क्लिंट इतका निवांत खेळताना मी कधी पाहिला नव्हता. तिकडे लुंड तिसऱ्या जोडीतल्या बावळटाला ओरडून ओरडून शहाणा करतोय. एक माणूस आणला, तर तिन्ही जोड्या सुधारल्या. गावात लोक माझी पाठ थोपटतात. "नेस्टर, तुझ्या डोक्याला तोड नाही!" मी मान हलवतो.

रेम्पेलला बसमध्ये मागची सीट दिलीय, जिथे हीटर पोचत नाही. तो तिथे घोंगडी घेऊन गातो. काल बुशे बंधू त्याच्याशेजारी जाऊन बसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पारा उणे तीसच्या खाली. टँकर आला. रेम्पेलने धुतला, पाणी अंगावरच गोठलं, तरी आत येऊन म्हणतो, "बॉस, डुकरांनी तुमची चौकशी केली."

मला हसू आलं. आवरायला हवं होतं.

स्टेफा म्हणते, तुला तो आवडायला लागलाय. मी म्हटलं, कसायालाही बोकड आवडतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रिंकवर बर्फ गोठवणारे पाइप तपासायला गेलो होतो. धार लावायच्या खोलीची भिंत पातळ आहे. सहाणेच्या चाकाचा आवाज थांबला आणि रेम्पेल बोलताना ऐकू आला.

"मी समजत होतो तू वळशील, ऑरेस्ट. आईची शपथ. मी निघालो तेव्हा तू फार लांब होतास. वाटलं, आत्ता कुणीतरी ओरडेल, आत्ता हा वळेल, खांद्याला खांदा लागेल, संपलं. तू वळलाच नाहीस. मग मला थांबता आलं नाही."

"कुणी ओरडलं नाही," ऑरेस्ट म्हणाला.

"कुणीच नाही."

"दुसरा स्केट दे."

पुन्हा चाक फिरायला लागलं. मी भिंतीला हात लावून उभा होतो. बघा बेशरमपणा! माणसाला आयुष्यभराचा लंगडा केला, आणि सहा वर्षांनी तोंडावर सांगतो की चूक तुझी, तू वळला नाहीस. आणि ऑरेस्ट त्याच्याच स्केटला धार लावतोय. पोराच्या अंगात रग म्हणून राहिलेली नाही. त्याचा राग मलाच करावा लागतो.

रेम्पेलला उद्या टँकर दोनदा धुवायला लावतो.

१ मार्च, शनिवार

जिंकलो, फायनलला पोचलो, समोर टॉरन्स. सगळं मी आखल्यासारखं.

एक गोष्ट मात्र बिघडली असती. तिसऱ्या डावात रेम्पेल कोपऱ्यात गेला, मागून त्यांचा एक जण सुटला, आणि क्लिंट ओरडला, "पाठीवर!" सगळ्या रिंकला ऐकू जाईल असा. रेम्पेल वळला, वाचला, आणि येऊन क्लिंटच्या हेल्मेटवर टपली मारली. "बघ! तुला आवाज आहे की!"

नंतर मी क्लिंटला बाजूला घेतलं. "हे काय होतं?"

"तोंडातून निघून गेलं, काका." गाल लाल झाले होते त्याचे, डोळे चमकत होते. "पहिल्यांदाच निघालं. मला वाटलंच नव्हतं निघेल."

"फायनलला निघता कामा नये."

चमक गेली. "काका, जाऊ दे ना आता. आपण जिंकूसुद्धा त्याच्या जिवावर."

"ऑरेस्टच्या पायाकडे बघ आणि मग मला जाऊ दे म्हण."

त्याने हातमोजे उचलले. मग "बरं" म्हणाला. अगदी हलक्या आवाजात, पण मला ऐकू आलं.

१६ मार्च, रविवार

स्टेफाने रेम्पेलला जेवायला बोलावलं. त्याने पेरोही, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, इतक्या खाल्ल्या की तिने पातेलंच पुढे केलं. ऑरेस्ट आणि तो मासे पकडायच्या गोष्टी सांगत होते, एकमेकांच्या थापा पकडत होते. क्लिंटलाही बोलावलं होतं. डोकं दुखतंय म्हणून आला नाही.

मालिका बरोबरीत आहे. शेवटचा सामना शनिवारी, आमच्या बर्फावर. मॅकॲडमने आत्तापर्यंत बुशेंपैकी धाकट्याची बरगडी आणि लुंडचे दात घेतलेत. रेम्पेलपर्यंत तो पोचला नाही, कारण रेम्पेल कोपऱ्यात जायच्या आधी स्वतःच मान वळवून बघतो. पण शेवटच्या डावात पाय थकले की माणूस मान वळवायचं विसरतो. मी वाट बघेन.

२३ मार्च, रविवार

कालचं लिहायला बसलोय. 

शेवटचा डाव, बरोबरी, उभं राहायला जागा नव्हती. मी रेम्पेलला जवळजवळ सबंध डाव बर्फावर ठेवला होता. लोकांना वाटत होतं की माझा त्याच्यावर भरवसा आहे. तो बेंचवर आला की मी त्याला पाणी प्यायला देत होतो आणि लगेच परत पाठवत होतो. धापा टाकत होता. दाढीवर बर्फ साचला होता.

टॉरन्सने पक आत मारला. पक फळीवर आपटून उजव्या कोपऱ्यात गेला, बर्फाच्या गाडीच्या फाटकाजवळ. रेम्पेल वळून त्याच्यामागे निघाला. त्याने मान फिरवली नाही. मध्यरेषेवरून मॅकॲडम सुटला.

मी डोळे मिटले. का, ते सांगता येत नाही. एवढी वर्षं वाट बघितलेली गोष्ट डोळ्यांनी बघायला हवी होती. पण माझा हिशोब कानांनी चालतो. रेम्पेलच्या स्केट्सची करकर ऐकली. मॅकॲडमचे लांब टांगांचे आवाज ऐकले, एकेक जवळ येणारे. फळीवर पक खटकला. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, जिथे क्लिंटचा आवाज असायला हवा होता, तिथे भोक होतं.

ते भोक मी ओळखलं.

आधी ऐकलं होतं मी ते. हाच बेंच, हाच कोपरा, हीच खटक, आणि मधोमध हेच. सहा वर्षं मी ती रात्र मनात फिरवली, प्रत्येक आवाज पाठ केला, रेम्पेलच्या स्केटची शेवटची करकरसुद्धा. जो आवाज झालाच नव्हता त्याचा मला पत्ता नव्हता. गेंड्याएवढी गोष्ट. लुंड बोलला होता. रेम्पेल बोलला होता. खुद्द क्लिंटने सांगितलं होतं, "पहिल्यांदाच निघालं."

मी डोळे उघडले. क्लिंट गोलसमोर उभा होता, तोंड अर्धवट उघडं. मी सांगितलं म्हणून गप्प होता की त्याला जमतच नव्हतं, ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. मी ओरडायला तोंड उघडलं. माझ्याही तोंडातून काही निघालं नाही.

"पाठीवर!"

फाटकातून आला आवाज. ऑरेस्ट गाडीवरून उतरून, काचेला छाती लावून ओरडला होता. रेम्पेल वळला. मॅकॲडम त्याला घासून सरळ फळ्यांवर गेला आणि खाली बसला. रेम्पेलने पक क्लिंटकडे सरकवला. सरळ, सुंदर, काठीच्या पात्यावर. क्लिंट पुतळ्यासारखा उभा. पक त्याच्या काठीला लागून टॉरन्सच्या माणसाकडे गेला आणि त्याने तो जाळ्यात टाकला.

गेला चषक.

आज सकाळी कॅफेत एकच चर्चा होती. रेम्पेलने जुन्या गावासाठी सामना विकला. मी टेबलाशी बसलो की लोक माझ्याकडे बघत होते, मी होकार भरावा म्हणून. सबंध गाव त्याला फाडायला तयार, मला फक्त कप खाली ठेवून मान हलवायची होती. हेच तर हवं होतं मला.

"पास सरळ होता," मी म्हणालो आणि उठलो.

तिथून रिंकवर गेलो. ऑरेस्ट गाडीचं पातं काढत होता.

"क्लिंट ओरडला नव्हता," मी म्हणालो. "तेव्हा."

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"मी पक आणायला गेलो होतो, बाबा. मी आवाजाचीच वाट बघत होतो." तो पान्यावर जोर देत राहिला. "घाबरला की त्याचा घसा बसतो. शाळेत फळ्यासमोरही व्हायचं. माझे कान तुमच्यावरच गेलेत."

"मग सहा वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

त्याने पातं खाली ठेवलं. "तुम्हाला धावणारा एक मुलगा हवा होता. क्लिंट होता."

 मग त्याने पाना मागितला, मी दिला.

घरी आलो आणि मनात क्लिंटशिवाय काही नव्हतं. रेम्पेलने निदान आपला धंदा केला, अंगावर जाणं हा त्याचा धंदा. हा मात्र माझ्या टेबलाशी जेवला. माझ्याबरोबर बसून रेम्पेलला शिव्या दिल्या. माझ्या पाटीवर चढणार होता. एवढा राग मला रेम्पेलचाही कधी आला नव्हता, आणि मला वाटत होतं माझ्याकडचा सगळा राग खर्च झालाय.

२४ मार्च, सोमवार

पाटी रंगवणाऱ्याला कळवलं, येऊ नकोस.

क्लिंट वेळेवर आला. कोट अडकवला. "काका," म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. ठरवूनच आलो होतो. कामावरून काढणार नाही, शिवी देणार नाही, हात लावणार नाही. नुसतं गप्प राहणार. आज, उद्या, पुढचा हिवाळा, जितकी वर्षं तो इथे टायर बदलेल तितकी. त्याने जे दिलं तेच.

दुपारपर्यंत दुकानात फक्त हातोड्याचे आवाज. रेम्पेल ट्रॅक्टरखालून ओरडला, "अरे, कुणी मेलंय का? मला सांगा, मी तिकडून तरी गातो!" कुणी हसलं नाही.

मग ऑरेस्ट डबा घेऊन आला. क्लिंटने त्याला पाहिलं, हातातला टायर सोडला, तो गडगडत जाऊन भिंतीला लागला. तो ऑरेस्टसमोर जाऊन उभा राहिला. मान खाली, ओठ हलताहेत, आवाज निघत नाही. मी ओळखून होतो काय निघणार आहे ते. सहा वर्षांचं बोलणं, आता एका दमात बाहेर टाकून मोकळा होणार. माझ्या दुकानात, माझ्यासमोर, माझ्या मुलाजवळ. पोटभर रडून, हलका होऊन संध्याकाळी घरी जाणार.

"ऑरेस्ट," त्याच्या तोंडून निघालं, "त्या दिवशी मी—"

मी कॉम्प्रेसरचा खटका दाबला.

भिंती हलायला लागल्या. क्लिंट बोलत होता, तोंड वाकडं होत होतं, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि जगात कुणाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी खटक्यावर हात ठेवून उभा राहिलो. बोल, म्हटलं. बोल आता.

ऑरेस्ट त्याच्या अगदी जवळ सरकला. दुखरा पाय ओढत. त्याने आपला कान क्लिंटच्या तोंडाशी नेला आणि हात त्याच्या मानेमागे ठेवला. बराच वेळ तसेच उभे होते दोघे, डोक्याला डोकं लावून, बर्फावर राहायचे तसे. शेवटी ऑरेस्टने काहीतरी उत्तर दिलं. लांबलचक नव्हतं. तीन-चार शब्द असतील. ते ऐकून क्लिंट खाली बसला.

रेम्पेल ट्रॅक्टरखालून बाहेर आला होता, हात पुसत माझ्याकडे बघत होता. मी खटका बंद केला तोपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

संध्याकाळी जेवताना स्टेफाने विचारलं, ऑरेस्ट क्लिंटला काय म्हणाला? मी तिला खरं ते सांगितलं. मला ऐकू आलं नाही.